निळं कमळ वाळवायच्या नोंदी (नागपूर, स्लॅबवर, जुन्या कूलरच्या टाकीत)

९ फेब्रुवारी

मागवलेलं पाकीट आज आलं. वाळलेलं निळं कमळ, ५० ग्रॅम, ६९९ रुपये. माझं काम जीएसटी रिटर्न भरून द्यायचं, घरूनच, त्यामुळे दर महिन्याच्या वीस तारखेपर्यंत झोपेचं खोबरं झालेलं असतं, आणि कुणीतरी सांगितलं की या फुलांचा चहा घेतला की डोकं शांत होतं. फोडलं तर अर्धा चुरा, थोडी रेती, आणि पाण्यात टाकल्या टाकल्या पाणी निळंशार. मी खूश. आईने कपात लिंबू पिळलं तर जांभळं झालं आणि ती म्हणाली, "हे तर गोकर्ण आहे, आपल्या कंपाउंडवर फुकट लागते." नीट निवडून पाहिलं, खरंच अर्ध्या पाकळ्या गोकर्णीच्या. निळ्या कमळाचा चहा निळा होतच नाही, पिवळट-तपकिरी होतो, हे मला त्या दिवशी रात्री कळलं. पैसे परत मागितले, "फोडलेलं पाकीट घेत नाही" म्हणे. ६९९ गेले.

१६ फेब्रुवारी

ठरवलं, घरीच लावायचं. आधी नावाचा घोळ निस्तरून घ्या कारण नर्सरीत याच्यावरच फसवतात. जे खरं कमळ, पानं पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी आणि मधे ते शॉवरसारखं बीजकोष, ते निळं नसतंच. गुलाबी नाहीतर पांढरं. निळं असतं ते कुमुद, वॉटर लिली, पान पाण्यावर चपटं पसरलेलं आणि देठापाशी चीर असलेलं. आपल्याकडचं निळं म्हणजे निम्फिया नौशाली, संस्कृतातलं नीलोत्पल, श्रीलंकेचं राष्ट्रीय फूल. इजिप्तवालं निम्फिया सेरुलिया, ही तिची चुलत बहीण समजा, काही शास्त्रज्ञ तर तिला नौशालीचाच एक प्रकार धरतात. आणि कृष्णकमळ मागितलं तर वेल देतील, तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही. माझ्या भावाने पहिल्या नर्सरीत नेमकं तेच मागितलं आणि वेल घेऊन आला, वरून मलाच म्हणे, "कृष्ण निळाच असते नं?"

दुसऱ्या नर्सरीत भंडाऱ्याकडच्या तलावातलं निळं म्हणून तीन कंद मिळाले, २५० ला एक. पानं बघून घेतले, फुटवे होते.

टाकीसाठी खर्च करायचा नव्हता. मागच्या अंगणात २०११ चा लोखंडी कूलर सडत पडला होता, त्याची खालची टाकी काढली. तळाला चार ठिकाणी गंज. घासून एम-सील भरलं, वरून रंगाचे दोन हात, १८० रुपये. वर न्यायला भाऊ आणि मी, जिन्याच्या वळणावर अडकली, माझे टोंगळे अजून दुखून राहिले.

२ मार्च

पाणी पालकाच्या रसासारखं. माझीच चूक. कुंडीतल्या गुलाबाला घालतो तसं शेणखत मिसळून माती केली होती, पाणी भरताच खत तरंगून वर आलं, दोन दिवसांनी वास, आठ दिवसांत शेवाळ. शेजारच्या काकू जिन्यातूनच ओरडल्या, "तुमच्याकडे काही मेलं का वर?"

सगळं उपसलं. रविवार पूर्ण गेला. आता नुसती काळी माती, खत अजिबात नाही. आपली विदर्भातली चिकट कापसाची माती याला एकदम बरोबर आहे, बसते, तरंगत नाही. दीडशे रुपयाला दोन पोती. वरून बोटभर बारीक गिट्टी, शेजारी बांधकाम चालू आहे तिथून मागून आणली. कंद उभा नाही, तिरपा लावायचा, कोंब मातीच्या वर. खत द्यायचंच तर पुढे महिन्याने डीएपीचे आठ-दहा दाणे कागदात गुंडाळून मातीत खोल खुपसायचे.

डासांचं विसरू नका. साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण, आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी घरटी एक पेशंट होता. भाऊ मित्राच्या टाक्यातून वीस गप्पी मासे पिशवीत घेऊन आला. पुढे वाढून साठ तरी झाले.

२९ मार्च

पानं मस्त, ताटाएवढी, पण कळी एकही नाही. पंधरा दिवस विचार करत बसले. मग लक्षात आलं, ऊन वाढलं म्हणून मीच माया करून हिरवी नेट बांधली होती, ३२० रुपयांची. कुमुदाला दिवसाचे पाच-सहा तास सरळ ऊन लागतं. आपण माणसं भाजून निघतो म्हणून फुलालाही त्रास होत असेल असं वाटलं, भैताडपणा. नेट काढली. पाणी मात्र रोज दोन बोटं कमी होतं, रोज संध्याकाळी भरायचं.

१५ एप्रिल

पहिलं फूल काल, १४ तारखेला. आणि मी पाहिलंच नाही. १३ च्या रात्री आम्ही सगळे संविधान चौकात, तिथून पहाटे घरी, मग सकाळी दीक्षाभूमी, दुपारी तीनला वर गेले तर मिटलेलं. मला वाटलं कळीच आहे. तोडून पाण्यात ठेवली, उद्या उमलेल म्हणून. उमलली नाही, दुसऱ्या दिवशी मान टाकली.

तर हे फूल सकाळी आठ-नऊला उघडतं आणि दुपारी मिटतं, असं तीन-चार दिवस चालतं, मग देठ वळून पाण्याखाली जातो. दुपारी तोडायचंच नाही.

१९ एप्रिल

आज पहिल्या दिवसाचं फूल उमलताना समोर बसून पाहिलं. पाकळ्या उघडल्या तेव्हा मधोमध बशीसारख्या खळग्यात पाणी साचलेलं, चमचाभर नाही पण आहे. वाटलं दव, बोट लावलं तर जरा चिकट. एक छोटी मधमाशी आत शिरली, पुंकेसर गुळगुळीत, पाय सुटला, त्या पाण्यात पडली आणि निघालीच नाही. पहिल्या दिवशी फूल मादी असतं, बाहेरून माशीच्या अंगावर आलेला पराग त्या पाण्यात धुऊन घेतं. पराग त्याचा स्वतःचा दुसऱ्या दिवसापासून. इतकं सुंदर दिसणारं फूल आणि धंदा हा.

२३ ते २९ एप्रिल

इथे माझे सात दिवस आणि बारा फुलं वाया गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली पाच फुलं सरळ स्लॅबवर चादरीवर. पारा चव्वेचाळीसच्या आसपास, म्हटलं सांडगे-पापड वाळतात तर फूल का नाही. चार तासांत पाकळ्या कुरकुरीत, आणि निळा रंग गायब. राखाडी-पांढऱ्या. वासही नाही. वर संध्याकाळच्या वाऱ्यात दोन फुलं काकूंच्या अंगणात.

मग बाकीची सात आतल्या खोलीत, सावलीत, दोऱ्याला उलटी टांगून, पंखा चालू. हे सगळे सांगतात तसंच. चौथ्या दिवशी पाकळ्या अजून मऊ, पाचव्या दिवशी गाभ्याला पांढरी बुरशी. समजेना, बाहेर आग लागलेली आणि आत बुरशी? आईने दार उघडलं आणि म्हणाली, "बाई, इथे कूलर चालून राहिला नं." झालं. आपल्याकडे एप्रिलमध्ये ज्या खोलीत माणूस बसतो त्या खोलीत कूलर असतोच, वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा दिवसभर आत येते, त्या खोलीत मीठ ओलं होतं तिथे फूल काय वाळणार. पुण्या-मुंबईवाल्यांना ही अडचण यायची नाही, पण नागपूर-अकोला-चंद्रपूरवाल्यांनी हे लिहून ठेवा.

बुरशी आलेलं एक फूल उभं चिरलं. पाकळी टोकाला कोरडी, आणि खाली जिथे सगळं जुळतं तो गाभा बोटाने दाबला तर स्पंजसारखा ओला. आणि आत ती मधमाशी. तीच नसेल, पण एक होती.

५ मे

आता जमलं. माझी पद्धत अशी:

दुसऱ्या दिवसाचं फूल, सकाळी नऊ-दहाला, पूर्ण उघडलेलं. पहिल्या दिवसाचं नको कारण ते पाणी. उलटं धरून झटकायचं, आत कोणी असलं तर बाहेर येतं. देठ अगदी तळाशी कापायचा, चार-पाच मिलिमीटरसुद्धा ठेवला तरी तो पोकळ देठ पाणी धरून ठेवतो. मग गाभ्याला खालून ब्लेडने फुलीसारखी चीर, अर्ध्यापर्यंत, पाकळ्या सुटणार नाहीत इतकी. नायलॉनची जाळी (९० रुपये) जुन्या खिडकीच्या चौकटीवर ताणली, त्यावर फुलं पालथी, एकमेकांना न चिकटता. स्टोअर रूममध्ये, जिथे कूलर नाही, पंखा एक नंबरवर. पाच दिवस. पाकळी दुसऱ्या दिवशीच कागदासारखी होते, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. गाभा नखाने दाबून "कट्" वाजला पाहिजे.

दहा फुलं तोलली. ताजी ९२ ग्रॅम, वाळून ९. म्हणजे ५० ग्रॅमचं खरं पाकीट भरायला पंचावन्नेक फुलं लागतील, आणि माझी टाकी आठवड्याला एवढी देतच नाही. ६९९ मध्ये मला गोकर्ण का मिळालं ते आता समजलं. रंग निळा राहत नाही हेही सांगते, जांभळट-करडा होतो.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

याच्यासाठी तर वाळवून ठेवली होती. मूर्तीपुढे काचेच्या वाटीत सात वाळलेली फुलं मांडली, मला वाटलं आई खूश होईल. ती म्हणाली, "शिळी फुलं काऊन ठेवली?"

मी वाद घातला. म्हटलं, फूल वाहताना तूच म्हणते नं, हे फूल जसं कोमेजून जाते तसा हा देहही नष्ट होणार, मग कोमेजलेलं ठेवलं तर काय बिघडलं? आई म्हणाली, "कोमेजायचं ते तिथे ठेवल्यावर कोमेजलं पाहिजे. तू घरूनच कोमेजवून आणशील तर त्याच्यात अर्पण काय केलं?" मला उत्तर सुचलं नाही. वाळलेली वाटी उचलली.

मग ताजी हवी. आमची सामूहिक वंदना संध्याकाळी सातला आणि फूल दुपारीच मिटतं. बर्डीच्या फूल मार्केटातल्या हारवाल्या भाऊंना फोन केला, त्यांनी युक्ती सांगितली: सकाळी पूर्ण उघडलेलं फूल तोडायचं, मेणबत्ती पेटवून वितळलेल्या मेणाचे थेंब पाकळ्यांच्या बुडाशी, सगळीकडून, मेण घट्ट झालं की फूल मिटूच शकत नाही. पहिल्या फुलावर मेण फार गरम पडलं, पाकळीला तपकिरी डाग. दुसऱ्यापासून मेणबत्ती वीतभर उंच धरली, थेंब पडेपर्यंत जरा निवतो. पाचपैकी चार फुलं रात्री नऊपर्यंत उघडी होती. वंदनेला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, प्लास्टिकची आहेत का.

भाऊ म्हणे, अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीच्या हातात आहे ते हेच. आईने मोबाइलवर फोटो मोठा करून करून पाहिला आणि म्हणाली, "त्याच्या हातातलं बी उघडंच आहे."

मेण लावलेलं फूल चहात घालायचं नाही, हे सांगायची गरज नाही पण सांगते, कारण आमच्याकडे एकाने घातलं.

२१ मे

वीस तारीख काल संपली, आज चहा. दोन वाळलेली फुलं म्हणजे साधारण दोन ग्रॅम, एक कप उकळून जरा निवलेलं पाणी, झाकण ठेवून दहा मिनिटं. रंग फिक्या काढ्यासारखा. कामदेवाच्या पाच बाणांत एक बाण नीलोत्पलाचा म्हणतात, पण चव विचाराल तर तलावाच्या काठावर उभं राहून श्वास घेतल्यासारखी, मातकट, मागून कडू. मध घातला तर बरी लागली.

परिणाम? अर्ध्या तासाने खांदे जरा सैल वाटले. दहा वाजता झोपले. पण वीस तारखेचं काम संपल्यावर मी नुसतं गरम पाणी पिऊनही झोपले असते, म्हणून याला निकाल मानत नाही.

२२ ते ३० मे

वहीत आलटून-पालटून लिहिलं: एक दिवस फुलांचा चहा, एक दिवस साधा गवती चहा, दोन्ही वेळा मोबाइल नऊला बंद. झोप लागायला लागलेला वेळ दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. मोबाइल बंद न केलेला एक दिवस होता, फुलांचा चहा घेऊनही दीड वाजला. स्वप्नं रंगीत पडतात असं लिहिलेलं वाचलं होतं, मला एकदा स्वप्नात ई-वे बिल दिसलं.

२८ ला भैताडपणा केला. म्हटलं दोनाने काही होत नाही तर पाच फुलं घालून बघू. वीस मिनिटांनी मळमळ, उभं राहिले तर डोळ्यापुढे अंधारी, आईने पाय उशीवर ठेवून झोपवलं आणि मीठ-साखरेचं पाणी दिलं. तासाभराने बरं वाटलं. या फुलाच्या नावावर जी द्रव्यं सांगतात त्यातलं अपोमॉर्फिन हे पार्किन्सनच्या पेशंटला इंजेक्शनने देतात, त्याने मळमळ होते आणि बीपी पडतं, हे मी आधी वाचायला पाहिजे होतं, नंतर नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात माणसाने खायला-प्यायला इजिप्तवाल्या निळ्यावर बंदी आहे, रशिया आणि पोलंडमध्येही बंदी आहे. म्हणजे फूल आहे, पूजेचं आहे, म्हणून निरुपद्रवी असं धरून चालू नका. काकूंनी मागितला होता, त्यांना बीपीची गोळी चालू आहे, मी सरळ नाही म्हटलं, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. गरोदर बाई, झोपेची नाहीतर मनाची औषधं घेणारे, आणि चहा पिऊन गाडी काढणारे, यांनी नाद करू नये. फवारणीच्या फुलांचा तर कोणीच नाही, हारवाल्यांकडची फुलं वासाला ठीक, पोटात नको.

मी आता घेतलाच तर दोनच फुलं, आठवड्यात एकदा.

१० जुलै

पाऊस. स्टोअर रूमची भिंतच ओली, माझी पाच दिवसांची पद्धत बंद पडली. आठव्या दिवशीही गाभा मऊ. आणि मे मधला डबा उघडला तर त्यातल्या चार फुलांना बुरशी, कारण स्टीलचा डबा रोज उघडून मीच वास घेत होते. इजिप्तमध्ये १९२२ साली सापडलेल्या तूतनखामेनच्या कबरीत शवपेटीवरच्या हारात इजिप्तवाल्या निळ्याच्या पाकळ्या होत्या, सव्वातीन हजार वर्षांच्या. माझ्या डब्यात दोन महिने टिकली नाहीत. तिथे वाळवंट होतं आणि डबा उघडून वास घेणारं कोणी नव्हतं.

उपाय दोन केले. काचेच्या तीन छोट्या बरण्या, घट्ट झाकणाच्या, २४० रुपये, प्रत्येकीत औषधाच्या बाटलीतल्या त्या सिलिकाच्या पुड्या, एका वेळी एकच बरणी उघडायची. आणि वाळवायला पत्र्याचं जुनं पिठाचं पिंप आडवं टाकून आत ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब (होल्डर-वायर ११०), फुलं जाळीवर बल्बपासून हातभर लांब, झाकण दोन बोटं उघडं. आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात केलं होतं, खोकं बल्बच्या बाजूने काळं पडायला लागलं तेव्हा आईने प्लग ओढला. पत्र्यात दोन रात्रींत गाभा "कट्" वाजतो. एलईडी बल्ब चालत नाही, तो तेवढा तापत नाही. भावाने तोच लावून दिला होता आणि माझे तीन दिवस गेले.

पावसाळ्यात पानांखाली गोगलगायीची अंडी येतात, जेलीसारखी, बोटाने पुसून काढायची. मावा आला तर पाईपच्या धारेने धुवायचा, मासे आपोआप खातात. औषध मारलं तर मासे मरतील.

३ ऑक्टोबर

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन. गोंदियाकडची मावशी आणि तिची चार माणसं दोन दिवस आमच्याकडे. मावशीने बरणी उचलली, वास घेतला, विचारलं काय आहे. सांगितलं. स्लॅबवर नेऊन टाकी दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आमच्या तलावात हे भरून असते. आम्ही त्याचे कांदे उकडून खातो. तू फूल वाळवून राहिली?" मग तिने बाही वर केली, टाकीत हात घालून चिखलातून एक छोटा कंद उपटून दाखवला, अंगठ्याएवढा, आणि परत जिथल्या तिथे खोचून दिला, माझ्यापेक्षा चांगला.

तिच्यासोबत आलेल्या आजींना रात्री झोप येत नव्हती, गर्दीत पाय सुजले होते. त्यांनी चहा मागितला. गोळ्या चालू होत्या म्हणून दिला नाही, कोमट तेलाने पाय चोळून दिले. त्या झोपल्या.

आतापर्यंतचा हिशोब: पाकीट ६९९, कंद ७५०, एम-सील आणि रंग १८०, माती १५०, नेट ३२०, जाळी ९०, बरण्या २४०, होल्डर-वायर ११०. एकूण २,५३९. यातले पाकीट आणि नेटचे १,०१९ शुद्ध पाण्यात. चांगली वाळलेली फुलं हातात आली ती एक्केचाळीस.

९ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली, कळ्या कमी, पानं लहान होऊन राहिली. नर्सरीवाले भाऊ म्हणाले की हिवाळ्यात कंद झोपतो, खत देऊ नका, पाणी आटू देऊ नका, फेब्रुवारीत परत फुटेल. शेवटचं फूल आज सकाळी साडेनऊला उघडलं, एवढ्या उशिरा कधी नव्हतं. आईने तोडू दिलं नाही, दुपारपर्यंत टाकीतच राहू दे म्हणाली.

टाकीच्या डाव्या कोपऱ्यातून परत थेंब थेंब गळून राहिलं. एम-सील जुनं होतं, नवीन आणायचं आहे, पण त्यासाठी साठ मासे आधी बादलीत काढावे लागतील.